डॉक्टर, तुम्हाला पेज करता येते का?



स्मृतिव्याख्यानाला डॉक्टर बोलावला की तो एखाद्या नव्या औषधाविषयी नाहीतर नव्या शस्त्रक्रियेविषयी बोलणार, असा संकेत आहे. मी स्वयंपाकाविषयी बोलणार आहे. तोही तुम्ही करायचा नव्हे. डॉक्टरांनी आणि नर्सनी शिकायचा. ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते रोग्याच्या घरी गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावत, असं इथल्याच जुन्या मंडळींनी मला सांगितलं. तेव्हा त्यांना हा विषय पटला असता असं धरून चालते.

आधी एक विचारते. तुमच्यापैकी कितीजणांना डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ असं सांगितलेलं आहे? हात वर करा, लाजू नका. बरेच आहेत. आता ज्यांना ‘किती कमी’ हेही सांगितलं, तेवढ्यांनीच हात वर ठेवा. (हशा)

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. हा आकडा डॉक्टरांना पाठ असतो. पण घरात मीठ ग्रॅमवर कोण मोजतं? चिमटीने घालतात, आमटीत वेगळं, भाजीत वेगळं, कणकेत वेगळं. मग हा आकडा त्या घरात उतरवायचा कसा? गणित अगदी पहिलीतलं आहे. घरात चार माणसं, चार पंचे वीस ग्रॅम. एक किलोची पिशवी 50 दिवस पुरली पाहिजे. तुमच्याकडे किती दिवस पुरते? किराणाच्या यादीत दर महिन्याला एक किलो मीठ असेल, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर जातंय. शिवाय विकतचे पापड, फरसाण, वेफर्स, बिस्किटं यांतलं मीठ या हिशेबात धरलेलंच नाही.

पिशवी किती दिवस पुरते, हे विचारायला यंत्र लागत नाही. अर्धं मिनिट लागतं. मग ते विचारलं का जात नाही? कारण विचारणाऱ्याने बहुतेक वेळा कधी किराणा भरलेला नसतो आणि आमटीत मीठही घातलेलं नसतं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे, की जो पथ्य सांगतो त्याला ते रांधता आलं पाहिजे.

आता कोणी म्हणेल, डॉक्टरांना आहारशास्त्र शिकवत नाहीत का? शिकवतात. भरपूर शिकवतात. पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत जीवनसत्त्वं येतात. त्यांची रासायनिक रूपं, ती कमी पडली की होणारे रोग. पुढे कम्युनिटी मेडिसिनमध्ये (आमच्या पिढीतले अजून पीएसएमच म्हणतात) कडधान्यांच्या बरण्या मांडून ठेवलेल्या असतात. परीक्षेत त्यातली एक समोर येते. विद्यार्थी लाखेची डाळ बरोबर ओळखतो, ती सतत खाल्ल्याने पाय लुळे पडतात हे सांगतो. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला प्रथिनं किती, हेही धडाधड सांगतो. त्यालाच पुढे विचारा: बाळा, ही डाळ कुकरशिवाय शिजायला किती वेळ लागतो? एका वाटीला पाणी किती? एका वाटी डाळीत किती माणसं जेवतात? तो तुमच्याकडे बघत राहतो. त्याचा दोष नाही. हे त्याला कोणी विचारलेलंच नाही.

2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. रोग्याशी कसं बोलायचं हे शिकवणारा वेगळा भाग त्यात आला. फार चांगलं झालं. पण बोलायचं काय? आहाराच्या बाबतीत आमच्या तोंडी नुसते नकार असतात. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी बघा. तेलकट टाळा. साखर बंद. भात बंद. पुण्यात शिकलेला डॉक्टर सिंधुदुर्गात जातो आणि मधुमेहाच्या रोग्याला सांगतो, भात बंद. त्या घरात सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. उद्या सकाळी त्या माणसाने खायचं काय? दोन दिवस तो चपात्या खातो, तिसऱ्या दिवशी भातावर येतो, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना खोटं सांगतो. आमच्या कागदावर त्याची नोंद ‘पथ्य पाळत नाही’ अशी होते.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातल्या मधुमेहींची संख्या 10.1 कोटी निघाली. एवढ्या लोकांचा भात कोण बंद करणार आहे? त्याऐवजी भात किती वाट्या, बरोबर कुळथाचं पिठलं की चवळीची उसळ, भाजी आधी वाढून घ्यायची की मागून, बांगडा तळायचा की तिखल्यात घालायचा, हे सांगता येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी 45 टक्क्यांपर्यंतच तृणधान्यांतून यावेत. उत्तम सूचना आहे. पण 45 टक्के हे ताटात कसे दिसतात, हे दाखवायला ताटच वाढून दाखवावं लागतं. स्लाइडवर ते दिसत नाही.

हे काही नवं खूळ नाही, हे मला थोडं सांगायचंय. आपल्या पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं अशी आरोळी ठोकायला मी आलेली नाही. पण चरकसंहितेत, उपचारासाठी घर सज्ज कसं करावं हे सांगताना परिचारकांची यादी दिली आहे. न्हाऊ घालणारे, अंग चेपणारे, रोग्याला उठवणारे-बसवणारे, औषधं कुटणारे. आणि त्यांच्याच रांगेत, वरण आणि भात रांधणारे. स्वयंपाकी हा दवाखान्याचा नोकर नव्हे, परिचारक. शोधनक्रियेनंतर रोग्याला अन्नावर आणायचा क्रमही पाकक्रियेच्या भाषेत सांगितलेला आहे. आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग मीठ-स्निग्ध न घातलेलं कढण, मग घातलेलं. ‘हलकं खा’ म्हणून वैद्य तिथे मोकळा झालेला नाही.

दुसरी गोष्ट युरोपातली. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. 1855 मध्ये तिथे आणखी एक माणूस आला, त्याचं नाव मात्र पाठ्यपुस्तकात नाही. ॲलेक्सी सोयर. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा पूर्वीचा नामांकित आचारी. त्याने इस्पितळाच्या मुदपाकखान्यात काय बघितलं? एकाच मोठ्या हंड्यात सगळ्या वॉर्डांचं मांस उकळायला टाकलेलं. आपला तुकडा ओळखता यावा म्हणून कोणी त्याला बटण बांधलंय, कोणी चिंधी. कुणाचं कच्चं, कुणाचं चिवट. आणि ज्या पाण्यात सगळा कस उतरला ते पाणी फेकून द्यायचं! सोयरने ते पाणी वाचवलं, सैनिकांना रांधायला शिकवलं, आणि कमी सरपणात चालणारी एक शेगडी तयार केली. ती ब्रिटिश लष्करात विसाव्या शतकातही वापरात होती.

नाइटिंगेलबाईंनी 1859 च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात अन्नाला दोन प्रकरणं दिली आहेत. गोमांसाचं पातळ सार म्हणजे फार पौष्टिक, ही त्या काळची ठाम समजूत. बाईंनी म्हटलं, ते आटवून बघा, तळाशी पोषण म्हणून काय उरतं ते दिसेल. आपल्याकडे हेच वरणाच्या पाण्याचं आहे. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरणाचं ‘वरचं पाणी’ देतात. डाळ खाली राहते, पाणी बाळाला. शिकलेल्या घरांतही देतात, आणि क्षमा करा, आमचे काही डॉक्टरही तेच सांगतात. वाटीच्या तळाशी असलेली घट्ट डाळ घोटून द्यायची असते, वर तूप किंवा तेल घालून. हे वाक्य एकदा वाटी हातात धरून दाखवलं की नर्स ते जन्मात विसरत नाही.

अमेरिकेचंही सांगते, कारण ‘तिकडे काय चाललंय’ हे विचारल्याशिवाय आमच्या सभांना चैन पडत नाही. (हशा) तिथल्या विज्ञान अकादमीच्या समितीने 1985 मध्ये सांगितलं, प्रत्येक मेडिकल कॉलेजने आहारशास्त्राला निदान 25 तास द्यावेत. पंचवीसएक वर्षांनी मोजलं तेव्हा सरासरी 20 सुद्धा भरत नव्हती. म्हणजे तिकडेही आनंदच आहे. पण काहींनी तासांचा हिशेब सोडून थेट पदर खोचला. 2007 मध्ये हार्वर्डचे डॉक्टर आणि कॅलिफोर्नियातल्या पाकशाळेतले आचारी यांनी मिळून अशी परिषद सुरू केली, की जिच्यात डॉक्टर भाषणं ऐकतात आणि स्वतः रांधतातही. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने शिकवण्याचं स्वयंपाकघरच काढलं. विद्यार्थी तिथे रांधायला शिकतात आणि मग शहरातल्या लोकांना शिकवतात. याची नक्कल करायची असेल तर स्वयंपाकघराची करा. तिथल्या ऑलिव्ह तेलाची आणि किनोआची नको. आपल्याकडे शेंगदाण्याचं तेल आहे, भगर आहे, राजगिरा आहे.

असा वर्ग भरवायचा झाला तर त्यात शिकवायचं काय? इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो नाचणीचा पाठ. दोन वाट्या घ्यायच्या. दोन्हींत नाचणीच्या पिठाची सारखीच घट्ट खीर. इतकी घट्ट की चमचा उभा राहावा. दीड वर्षाचं कुपोषित पोर ही गिळू शकत नाही. आई काय करते? पाणी घालते. खीर पातळ होते, पण पोराचं पोट एवढंसं. आता त्याच पोटात निम्मे उष्मांक जातात. मग दुसरी वाटी पुढे घ्यायची. खीर जरा निवाली की तिच्यात मोड आणून, वाळवून, मंद आचेवर भाजून दळलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ घालायचं आणि ढवळत राहायचं. पाण्याचा थेंब नाही. बघता बघता खीर सैल होते, चमच्यावरून ओघळायला लागते. मग एक कढ द्यायचा, बस. मोडांत अमायलेज नावाचं विकर तयार झालेलं असतं, ते पिठूळपणा तोडतं. बडोद्याच्या डॉ. तारा गोपालदास यांनी यावर पुष्कळ काम केलं. अमायलेजवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेला पोरगा त्या वाटीकडे डोळे विस्फारून बघतो, आणि शेजारची अंगणवाडी सेविका त्याच्याकडे बघून हसते. कारण नाचणीचं सत्त्व तिच्या आजीपासून घरात आहे. ते का काम करतं हे तिला त्याच्याकडून कळतं, आणि कसं करायचं हे त्याला तिच्याकडून. पालघर-मेळघाटात नेमणूक झालेल्या डॉक्टरला याहून उपयोगी पाठ मला सुचत नाही.

दुसरा पाठ बरोबर उलटा आहे. भाजीचं पाणी फेकू नये, असं आपण सगळ्या गृहिणींना सांगत आलो. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रोग्यासाठी मात्र बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. शहाळ्याचं पाणी ही आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची सोज्वळ वस्तू. या रोग्याला ती धोक्याची ठरू शकते. बाजारात ‘कमी सोडियमचं’ म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. चीनच्या 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण कमी झालं. तो निष्कर्ष 2021 मध्ये आला आणि तो मोठाच आहे. पण गंभीर मूत्रपिंडविकाराचे रोगी त्या चाचणीत घेतलेच नव्हते. तेव्हा सुनेसाठी चांगलं असलेलं मीठ त्याच घरातल्या आजोबांसाठी वाईट असू शकतं. ‘हेल्दी’ असं नुसतं काही नसतं. कोणासाठी, हे विचारावं लागतं. आणि एका घरात एकच भांडं चुलीवर चढतं, हेही लक्षात ठेवावं लागतं.

तिसरी गोष्ट क्षयाची. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला, 2023 मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला. क्षयरोग्याच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांतले क्षयाचे नवे रोगी 39 टक्क्यांनी कमी झाले. तांदूळ आणि डाळ! एखाद्या गोळीने हे केलं असतं तर आज तिच्या जाहिरातीचा फलक या सभागृहाबाहेर लागला असता. सरकार आता क्षयरोग्याला आहारासाठी महिन्याला 1000 रुपये देतं. त्यात फुटाणे, शेंगदाणे, अंडी, डाळ यांचा महिनाभराचा हिशेब कसा बसवायचा, हे त्याच्या हातात औषधाची पट्टी देणाऱ्या माणसाला मांडता आलं पाहिजे. नाहीतर त्या पैशांतून प्रथिनांचा डबा येतो. तो दहा दिवसांत संपतो.

रक्तक्षयावर फार बोलत नाही. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत तो आहे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, पोह्यांवर लिंबू पिळावं, पालेभाजी लोखंडी कढईत करावी, एवढं इथल्या बहुतेकींना माहीत आहे.

इथे मात्र मला खरी अडचण सांगायची आहे. आमच्या ओपीडीत मधुमेहाचा रोगी येतो. साहेब पुढे खुर्चीवर, बाई मागे उभ्या. डॉक्टर साहेबांकडे बघून आहार समजावतात. साहेब मान डोलावतात. त्यांना घरातला साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे ठाऊक नसतं. जिने ते सगळं करायचं, तिला कोणी बसायलाही सांगितलेलं नाही! मग रोगी तीच असली तर? नवऱ्याच्या पथ्यासाठी ती वेगळी भाजी करते. तिच्या पथ्यासाठी वेगळं कोण करणार? तीच. आणि करत नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेला भात टाकवत नाही म्हणून खाते. तिच्या वाढलेल्या साखरेत त्या उरलेल्या भाताचा वाटा किती, हे कुठल्या रिपोर्टात येतं?

म्हणून मी म्हणते, स्वयंपाक शिकवायचा तो विशेषतः मुलग्यांना. मी मेडिसिनची प्राध्यापक झाले तेव्हा मला स्वयंपाक येतो, हे सगळ्यांनी न विचारता गृहीत धरलं होतं. माझ्या बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांना येत नाही, हेही तितक्याच सहज. वर्गात मुलं-मुली निम्मी-निम्मी असतात, पण कांदा हातात दिला की कोण मागे सरकतं ते बघा. ज्याने एकदा आठ माणसांचा बिनतेलाचा नाश्ता करून बघितला, तो नंतर ‘तेल बंद’ असं सहज म्हणत नाही. तो विचारतो, घरात कोण रांधतं? गॅस आहे की चूल? तेलाचा डबा किती दिवस जातो? आणि मागे उभ्या असलेल्या बाईंना पुढे बोलावतो.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतात. एक, डॉक्टरांना वेळ कुठे आहे? खरं आहे, ओपीडीत शे-दीडशे रोगी असतात. पण मी त्यांना रोग्यासमोर फोडणी द्यायला सांगत नाहीये. आता म्हटलेले तीन प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं, आणि पुढचं काम आहारतज्ज्ञाने करायचं. तालुक्याच्या गावी आहारतज्ज्ञ शोधून सापडत नाही, हे दुखणं निराळं. त्या जागा मागितल्याच पाहिजेत. दुसरा आक्षेप कोणी तोंडाने काढत नाही. तो असा, की आचाऱ्याच्या, अंगणवाडी सेविकेच्या हाताखाली डॉक्टरांनी शिकायचं? हो, शिकायचं. इस्पितळाच्या मुदपाकखान्यात रोज शेकडो ताटं करणाऱ्या माणसाला आजाऱ्याच्या जेवणाबद्दल जे कळतं, ते आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. कुठल्या वॉर्डातून ताट तसंच परत येतं, हे त्यालाच माहीत असतं. त्याला विचारायला आम्ही कधी खाली उतरलो?

तेव्हा आता मागणं. खर्चाचं काही नाही. दोन शेगड्या, एक कुकर, एक लोखंडी कढई, वजनाचा छोटा काटा. प्रत्येक मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजात हे असावं, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये एक टेबल त्यासाठी असावं: समोर तांदूळ, मूगडाळ, मीठ, पाणी, अमुक रोग्यासाठी पेज किंवा कढण करा, आणि करता करता त्याच्या बायकोला समजावून सांगा. पाच मार्क. विद्यार्थी मार्कांसाठी काय वाटेल ते शिकतो, हे तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईचं ऐका.

विद्यापीठ हे केव्हा करेल ते करेल. पण याच गावात नर्सिंगचं कॉलेज आहे, आणि याच संस्थेचं मंगल कार्यालय आहे. मुहूर्त नसलेल्या महिन्यांत त्याचं स्वयंपाकघर कुलूप लावून पडलेलं असतं. व्याख्यानमालेचे विश्वस्त पहिल्याच रांगेत बसले आहेत. आषाढ ते कार्तिक, आठवड्यातून एक दुपार, ते आम्हाला द्या. शिधा मी आणते, शिकवायला आचारी आणि सेविका मी गाठते. अर्ज कोणाच्या नावे करायचा, तेवढं आजच सांगा.